दर पावसाळ्यात तिसऱ्या आठवड्यात पिल्लं का जातात? कोंबडीच्या पिल्लांचे आजार, उपाय आणि पुढच्या खेपेची तयारी

मे महिन्याच्या शेवटी पन्नास पिल्लं आणायची, पंधरा दिवस ती छान खातात-पितात, पायात लुडबुडतात. मग पाऊस धरतो. तिसऱ्या आठवड्यात एखादं पिल्लू पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसलेलं दिसतं. दुसऱ्या दिवशी चार, तिसऱ्या दिवशी दहा. आठवड्याभरात निम्मं खुराडं रिकामं होतं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. रायगडपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही वाडीत विचारा, ही गोष्ट ऐकायला मिळेल. "रोग आला" एवढंच म्हणून लोक सोडून देतात.

पण दरवर्षी त्याच दिवसांत, त्याच वयाच्या पिल्लांना होणारा आजार वाऱ्यावरून येत नसतो. तो आपल्या खुराड्याच्या जमिनीत मुक्कामाला असतो आणि ओल मिळाली की उठतो. औषध लागतं, ते खाली सांगते. पण जमीन ओली ठेवून औषध घालणं म्हणजे गळकी कळशी भरत बसणं आहे.

आधी वय, मग औषध

पिल्लू आजारी दिसलं की बहुतेकजण थेट औषधाच्या दुकानात जातात आणि "हगवणीचं काहीतरी द्या" म्हणतात. त्याआधी एकच हिशेब करा: पिल्लं आज किती दिवसांची आहेत? वयावरून निम्मं निदान होतं.

पहिल्या चार-पाच दिवसांत मर झाली तर दोष बहुतेक वेळा उबवणीचा, प्रवासाचा किंवा उबेचा असतो. पिल्लू हातात उताणं धरून पोट बघा. बेंबी सुकलेली नाही, पोट फुगून मऊ पडलंय आणि वास येतोय, तर नाळेचा संसर्ग आहे. अस्वच्छ अंडी किंवा अस्वच्छ उबवणी यंत्रातून तो येतो आणि अशी पिल्लं सहसा वाचत नाहीत. ती वेगळी करा. दहा-वीस टक्के पिल्लं अशी निघाली तर जिथून आणली तिथे कळवा आणि पुढची खेप दुसरीकडून घ्या.

मागच्या बाजूला शीट चिकटून वाट बंद झाली असेल तर मात्र पिल्लू वाचवता येतं. प्रवासात थंडी लागली, पाणी मिळालं नाही किंवा ऊब जास्त झाली की असं होतं. कोमट पाण्यात कापूस भिजवून तो त्या जागी मिनिटभर धरा, शीट आपोआप सुटते. ओढून काढू नका, कातडी फाटते. पुसून कोरडं करा, बोटभर खोबरेल लावा आणि पिल्लू उबेत सोडा. एक काळजी घ्या. बेंबीची खपली पोटाकडे पुढे असते आणि गुदद्वार शेपटीखाली मागे. घाईत खपली ओढली तर चांगलं पिल्लू हातचं जातं.

याउलट खडूसारखी पांढरी शीट बऱ्याच पिल्लांना एकदम होत असेल, ती शी करताना ओरडत असतील आणि पहिल्या दोन आठवड्यांत पटापट मरत असतील, तर पुलोरमची शंका घ्यावी. हा जिवाणू आईकडून अंड्यातून येतो. वाचलेली पिल्लंही तो अंगात बाळगतात, म्हणून अशा खेपेतल्या कोंबड्यांची अंडी रवणावर, म्हणजे उबवायला, ठेवू नका.

ऊब: दिव्याकडे नाही, पिल्लांकडे बघा

पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब हवी. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करायची. पंख फुटेपर्यंत, म्हणजे साधारण चार आठवडे, पिल्लाला स्वतःची ऊब धरता येत नाही.

हल्ली दुकानात बल्ब मागितला की एलईडी देतात. त्याने उजेड पडतो, ऊब मिळत नाही. जुना तारेचा पिवळा बल्बच मागून घ्या. एका पिल्लामागे एक ते दोन वॅट धरा, म्हणजे पन्नास पिल्लांना साठचा एक किंवा फार तर दोन. कोपरे नसलेलं, पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं पाचेक फूट व्यासाचं गोल कडं करा. चौकोनी खोक्यात पिल्लं थंडीने कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात.

पिल्लं बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर ऊब कमी आहे. बल्बपासून दूर, चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर जास्त आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा शिरतोय. सगळीकडे पसरून खाणारी, अधूनमधून झोपणारी पिल्लं म्हणजे बरोबर. मे महिन्यातल्या दुपारी आपल्याकडे बल्ब बऱ्याचदा बंदच ठेवावा लागतो, आणि त्याच पिल्लांना जूनमधल्या वादळी रात्री दोन लागतात. झोपायच्या आधी एक पिल्लू उचलून त्याचे पाय आपल्या गालाला लावून बघा. गार लागले तर ऊब वाढवा.

पावसात लाईट जाणारच, त्याची तयारी संध्याकाळीच हवी. गरम पाण्याच्या बाटल्या गोणपाटात गुंडाळून कड्यात ठेवा आणि वर अर्धवट गोणपाट टाका. बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवू नका, कोळशाच्या वायूने सगळी पिल्लं एका रात्रीत जातात.

तिसरा ते सहावा आठवडा: रक्ती हगवण

आता मूळ दुखण्याकडे. शेजारच्या वाडीतल्या काकींचा फोन आला, "अगो, पिल्लं परत बसायला लागली. गेल्या सालीपण अशीच गेली. कसली पावडर घालू?"

"काकी, किती दिवसांची झाली?"

"वीस-बावीस दिवस."

"शीट बघितलीत का? लाल आहे?"

"थोडी तपकिरी, थोडी लाल. पिसं फुलवून बसतात आणि काही खात नाहीत."

वीस दिवस, फुललेली पिसं, बंद झालेलं खाणं आणि लाल शीट. हे सगळं एकत्र आलं की कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवण, असंच धरून कामाला लागावं. फक्त एक फरक ओळखायला शिका. निरोगी पिल्लूही अधूनमधून गडद तपकिरी, चिकट, घाण वासाची शीट टाकतं. ती आतड्याच्या आंधळ्या पिशवीतून येते आणि तिला घाबरायचं कारण नाही. कधी शीटेत नारिंगी-गुलाबी धागे दिसतात, ते आतड्याचं सुटलेलं अस्तर असतं. आजाराचं रक्त वेगळं दिसतं. पांढऱ्या कागदावर पिल्लू दहा मिनिटं ठेवा. कागदावर ताजं लाल रक्त पसरलं आणि पिल्लाची तुरा-कल्ल्यांची जागा पांढरी पडली असेल, तर शंका उरत नाही.

हा आजार आयमेरिया नावाच्या एकपेशीय परजीवीचा. आजारी पिल्लाच्या शीटेतून त्याची सूक्ष्म अंडी बाहेर पडतात. ताजी पडलेली अंडी अजून निरुपद्रवी असतात. त्यांना ओल, हवा आणि पंचवीस-तीस अंशांची ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ती संसर्गाला तयार होतात. आता कोकणातला जुलै आठवा: तापमान नेमकं तेवढं आणि ओल हवी तितकी. पिल्लू जमिनीवर अंथरलेल्या भाताच्या तुसात टोचताना ती गिळतं, ती आतड्यात वाढतात आणि चार ते सात दिवसांनी कितीतरी पटीने शीटेतून पुन्हा बाहेर येतात. पहिल्या आठवड्यात चार पिल्लांनी थोडी गिळली, दुसऱ्यात सगळ्यांनी जास्त गिळली, तिसऱ्यात आतडं फुटायची वेळ आली. तिसऱ्या आठवड्याचं कोडं एवढंच आहे.

औषध अँप्रोलियम. पाण्यातून द्यायची २० टक्के पावडर जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळते. आजार लागलेला असताना २५ लिटर पाण्याला ३० ग्रॅम, म्हणजे लिटरला सव्वा ग्रॅमच्या आत, असं पाच दिवस आणि नंतर निम्मं प्रमाण आठवडाभर. वेगळ्या टक्केवारीची पावडर असेल तर पाकिटावरचं प्रमाण पाळा. शक्य असेल तर पशुवैद्यांना विचारूनच सुरू करा. चमच्याने अंदाज करू नका, छोटा काटा वापरा. तीन आठवड्यांची पन्नास पिल्लं दिवसाला तीन-चार लिटर पाणी पितात, तेवढंच रोज ताजं करा.

या पाच दिवसांत पिल्लांना दुसरं पाणी मिळता कामा नये. आपल्याकडे इथेच फसतं. औषधाचं भांडं आत ठेवलेलं असतं आणि पिल्लं पडवीबाहेर जाऊन पागोळ्यांखाली साचलेलं पाणी पितात. त्यांना आतच कोंडा. आजारी पिल्लू आधी खाणं सोडतं, पाणी शेवटपर्यंत पितं, म्हणून औषध खाद्यातून न देता पाण्यातूनच द्यायचं. अगदी मान टाकलेल्या पिल्लाला ड्रॉपरने चोचीच्या कडेने थेंब-थेंब पाजा.

आणखी एक गोष्ट औषधाच्या दुकानात कोणी सांगत नाही. अँप्रोलियम हे बी-१ जीवनसत्त्वासारखं दिसतं. परजीवी त्याला बी-१ समजून घेतो आणि उपाशी मरतो. त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्सचं टॉनिक ओतलं तर परजीवीला खरं खाणं मिळतं आणि औषधाचा असर कमी होतो. पाच दिवस टॉनिक बंद. पुरा कोर्स झाला की मग अ आणि के जीवनसत्त्व असलेलं टॉनिक द्या, आतडं भरून यायला मदत होते.

आता जमीन

औषध सुरू केलंत त्याच दिवशी ओलं तूस काढा. सगळं. थोडं वरून टाकून झाकणं उपयोगाचं नाही. काढलेलं तूस परड्यात पसरू नका, खताच्या खड्ड्यात पुरा.

फिनाईलने ही अंडी मरत नाहीत, हे मनावर घ्या. त्यांचं कवच बहुतेक जंतुनाशकांना दाद देत नाही. मारतं ते कोरडेपण आणि उष्णता. जांभ्याची किंवा सिमेंटची जमीन असेल तर उकळतं पाणी ओता, ब्लो-लॅम्प फिरवा, आणि उन्हात वा वाऱ्यात पूर्ण सुकू द्या. शेणाने सारवलेली जमीन पावसाळ्यात ओल धरून ठेवते, त्यामुळे तिच्यावर पिल्लं वाढवायचीच असतील तर खाली जाड प्लास्टिक आणि वर तीन इंच कोरडं तूस हवं.

तूस सुकं आहे की नाही हे बघायला मूठभर तूस घट्ट दाबा आणि मूठ उघडा. सुटं झालं तर ठीक. गोळा तसाच राहिला तर त्याच दिवशी बदला. वास बघायचा तर उभं राहून नाही, पिल्लांच्या उंचीला बसून घ्या. डोळे चुरचुरले तर पिल्लांना ते चोवीस तास सोसावं लागतंय.

बहुतेक खुराड्यांत ओल वरच्या पावसापेक्षा पाण्याच्या भांड्याखालून जास्त येते. भांडं विटेवर ठेवा, कड पिल्लाच्या पाठीएवढी उंच, आणि विटेखाली जाळीचा तुकडा. पिल्लं वाढली की वीट वाढवा. एवढ्या एका बदलाने निम्मी ओल जाते, हे मी वाडीतल्या घराघरांत बघितलंय.

जागा असेल तर उंचावरचं खुराडं सगळ्यात खात्रीचं. गुहागर-श्रीवर्धनकडे पोफळीच्या रिपा सहज मिळतात. जमिनीपासून दोन-तीन फुटांवर रिपांचा माच करायचा, वर अर्ध्या इंची जाळी. शीट खाली पडते, पिल्लाच्या चोचीला लागत नाही आणि परजीवीची साखळी तुटते. मुंगूस आणि कांडेचोरापासूनही बचाव होतो. जाळीवर पहिले दोन आठवडे मात्र सोडू नका, पाय अडकतात.

मोठ्या कोंबड्यांत पिल्लं मिसळणं टाळा. मोठ्या कोंबडीला आजार दिसत नाही, पण तिच्या शीटेतून अंडी पडत असतात. एक खेप संपल्यावर दुसरी आणण्याआधी खुराडं किमान दोन आठवडे रिकामं आणि कोरडं ठेवा.

लाल शीट नसेल तर

याच वयात आणखी काही आजार येतात आणि तिथे अँप्रोलियमचा उपयोग नसतो. पांढरी पाण्यासारखी शीट, थरथर, पिल्लू स्वतःच्याच मागच्या बाजूला टोचतंय, आणि तीन-चार दिवसांत मोठी मर होऊन एकदम थांबते, तर गंबोरो. हिरवी शीट, तोंड उघडून श्वास, मान पिरगळणं, गोल गोल फिरणं, म्हणजे मानमोडी, राणीखेत. हे दोन्ही विषाणू. त्यांच्यावर औषध नाही. घरात उरलेली टेट्रासायक्लिनची कॅप्सूल पाण्यात फोडून घालणं इथे पैशाचा आणि औषधाचा नाश आहे. कोलिस्टिन हे प्रतिजैविक तर २०१९ पासून खाण्याच्या जनावरांत आणि कोंबड्यांत वापरायला देशात बंदी आहे, कोणी देऊ केलं तरी घेऊ नका.

धाप लागलीय पण घशात घरघर नाही, शीट बरी आहे, तर तुसाचं पोतं उघडून आत हात घाला. गिरणीवरून आणलेलं तूस पावसात पोत्यातच राहिलं की आतून बुरशी धरतं. तिचे कण पिल्लाच्या फुप्फुसात जातात. यावरही औषध चालत नाही, तूस बदलणं हाच उपाय. तूस एप्रिल-मेमध्ये उन्हात वाळवून माळ्यावर ठेवावं. कुबट वासाचा मका किंवा शेंगदाणा पेंडही घालू नका, त्या बुरशीचं विष पिल्लाच्या यकृतावर बसतं आणि हळूहळू मारतं.

पायांचं दुखणं वेगळं. बोटं आत वळून पिल्लू घोट्यावर चालायला लागलं तर खाणं तपासा. आपल्याकडे पिल्लांना तांदळाची कणी घालायची सवय आहे. नुसत्या कणीत बी-२ फार कमी आणि प्रथिनंही कमी. सुरुवातीला लक्षात आलं तर बी-कॉम्प्लेक्सच्या थेंबांनी बोटं सरळ होतात, उशीर झाला तर नाही. पहिले सहा-आठ आठवडे चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य, द्या. परवडत नसेल तर कणीबरोबर मक्याचा भरडा, पेंड आणि न खारवलेला सुका जवळा कुटून घाला. खारवलेली मासळी नको, पिल्लांना मीठ सोसत नाही. पाय दोन्हीकडे फाकलेलं पिल्लू असेल तर खाली गुळगुळीत वर्तमानपत्र आहे का बघा. खरखरीत पुठ्ठा घाला आणि दोन पायांत मऊ पट्टीने थोडं अंतर राखून तीन-चार दिवस बांधा.

लसीची गोष्ट वाडीने मिळून करायची

मॅरेक्स या विषाणूच्या आजाराची लस उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी टोचतात, ती दिली का ते विचारून घ्या. राणीखेतची लासोटा किंवा एफ-१ पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात एक थेंब. गंबोरो चौदाव्या दिवसाच्या आसपास. लासोटाचा दुसरा डोस चौथ्या आठवड्यात. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांत, ती आपल्याकडे चुकवू नये, कारण देवी डासांमधून पसरते. आठव्या आठवड्यात राणीखेतची आर-टू-बी.

अडचण अशी की कुपी शंभर-दोनशे पिल्लांची असते आणि आपल्याकडे असतात वीस. म्हणून पाच-सहा घरांनी एकाच दिवशी पिल्लं आणावीत आणि लसही एकाच सकाळी करावी. लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. तालुक्याहून थर्मासमध्ये बर्फ घालूनच आणा आणि कालवल्यावर दोन तासांत संपवा. पाण्यातून लस द्यायची असेल तर विहिरीचं पाणी विचारून घ्या. पावसाळ्यात ग्रामपंचायत विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकते आणि क्लोरीनने लस मरते. थेंबाची पद्धत म्हणूनच बरी. आजारी पिल्लाला लस देऊ नका.

कधी थांबायचं आणि फोन करायचा

दोन दिवस औषध देऊनही मर वाढतेय, मोठ्या कोंबड्याही मरायला लागल्या किंवा एकाच रात्रीत बरीच पाखरं गेली, तर घरगुती उपाय बंद करून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. फिरत्या पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा नंबर आहे. जानेवारी २०२१ मध्ये दापोलीत मेलेल्या कावळ्यांमध्ये बर्ड फ्लू आढळला होता. त्यामुळे आसपास कावळे मरून पडलेले दिसले तर तेही सांगा, आणि मेलेलं पाखरू उघड्या हाताने कापून बघू नका.

फोनवर सांगायला चार गोष्टी तयार ठेवा: पिल्लांचं वय, एकूण किती आणि मेली किती, शीटेचा रंग, कुठली लस कधी दिली. एरवी घरात एखाद-दुसरं मेलेलं पिल्लू पऱ्ह्यात किंवा काजूच्या बागेत फेकू नका. कुत्रा किंवा कावळा ते दुसऱ्या वाडीत नेतो. विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला तीन फुटांचा खड्डा, वर चुना आणि माती.

पुढच्या खेपेचा विचार करत असाल तर पिल्लं मेअखेर आणण्याऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये आणा. तिसरा ते सहावा आठवडा कोरड्या दिवसांत निघून जातो आणि मृगाच्या पावसात ती पिल्लं पुरती पिसांत असतात.